तेरेझीनचे हस्तलिखित

चेक देशाची राजधानी प्राग. या नगरीच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर तेरेझीन नावाचे एक लहानसे गाव आहे. गाव म्हणजे मुळात एक किल्लाच. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० साली तो बांधावयास घेतला आणि आपली माता मारिया तेरेझा हिच्या नावावरून त्यास हे नाव दिले. विटांचे जाड तट, तटाभोवती खंदक, आत सैनिकांच्या लांबच लांब बराकी आणि मध्यभागी प्रशस्त चौक, अशी त्याची रचना आहे. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेले हे तट पुढे दीडशे वर्षांनी निरपराध माणसांना आत कोंडून ठेवण्याच्या कामी आले. त्या कोंडलेल्या माणसांत हजारो मुले होती. त्यांतील काही मुलांनी तेथे एक हस्तलिखित साप्ताहिक चालवले. त्या साप्ताहिकाची ही हकीकत आहे.

ही माणसे ज्यू, म्हणजे यहुदी धर्माची होती. ज्यू लोक आपल्याला अपरिचित नाहीत. आपल्या कोकणात अलिबाग, पेण या भागांत बेने इस्राएल नावाचे ज्यू शतकानुशतके राहत आले. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी धर्माज्ञेप्रमाणे तो बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी हीच त्यांची मायबोली झाली आणि शेजाऱ्यांमध्ये ते निर्भयपणे नांदले. युरोपातील त्यांच्या धर्मबांधवांचे नशीब मात्र निराळे होते. १९३३ साली जर्मनीत हिटलर आणि त्याचा नाझी पक्ष सत्तेवर आला. राष्ट्रावर कोसळलेल्या साऱ्या संकटांचे मूळ ज्यू लोक आहेत, असा खोटा प्रचार या पक्षाने वर्षानुवर्षे केला होता. आता त्याच्या हाती कायदा आला, पोलीस आले, सैन्य आले. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्याने प्राग घेतले आणि तेथील ज्यूंवर बंदीमागून बंदी येऊ लागली. त्यांच्या मुलांना शाळांची दारे बंद झाली, बागांत फिरण्याची मनाई झाली. १९४१ च्या सप्टेंबरापासून तर लहान मुलांनाही छातीवर पिवळ्या कापडाची चांदणी शिवल्यावाचून रस्त्यावर निघता येईना.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेरेझीनची बंदिवस्ती झाली. आगगाड्या भरभरून तेथे ज्यू कुटुंबे आणली जाऊ लागली. ज्या गावात पूर्वी सैनिक व नागरिक मिळून सुमारे ७,००० माणसे राहत, तेथे १९४२ च्या सप्टेंबरात ५८,००० हून अधिक माणसे कोंबण्यात आली. पोटमाळे, तळघरे, तटातील काळोखी भुयारे, जेथे अंग टेकता येईल तेथे माणसे राहू लागली. अन्न अपुरे, पाणी अपुरे, औषध तर नाहीच. १९४५ पर्यंत सुमारे १,४०,००० ज्यू तेथे आणले गेले. त्यांपैकी सुमारे ३३,००० माणसे भूक, रोगराई आणि हालअपेष्टा यांनी तेथेच मरण पावली. सुमारे ८८,००० माणसांना गाड्यांत घालून पूर्वेकडे नेण्यात आले. त्या गाड्या ज्या छावण्यांकडे जात, त्यांपैकी पोलंडमधील आउश्विट्झ ही सर्वांत भयंकर. तेथे विषारी वायूने माणसांचे प्राण घेत. परंतु तेरेझीनमधील बहुतेकांना या गाड्यांच्या मुक्कामाची खरी माहिती नव्हती. ‘पूर्वेकडे’ एवढाच शब्द त्यांना ठाऊक होता आणि त्या शब्दाचा धाक सर्वांच्या मनावर होता.

येथे येणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. ज्या गाडीने तो आला तिची खूण आणि त्यापुढे एक आकडा. कचेरीच्या दप्तरात त्या आकड्याने त्याची नोंद होई आणि पुढच्या गाडीत चढतानाही त्याच रीतीने मोजदाद होई. आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव कागदाच्या एका कोपऱ्यात उरे. माणसाला प्रथम आकडा करावयाचे आणि मग तो आकडा खोडून टाकावयाचा, अशी ही रीत होती.

या वस्तीत एक जुनी शाळेची इमारत होती. तिच्या खोल्यांत मुलांना ठेवले होते. पहिल्या क्रमांकाच्या खोलीत तेरा ते पंधरा वर्षांची सुमारे चाळीस मुले राहत. झोपण्यासाठी तीन मजली लाकडी फळ्या होत्या. मुलांना गाणी म्हणण्यास, चित्रे काढण्यास, खेळण्यास परवानगी होती. शिकण्यास मात्र सक्त मनाई होती. ज्यांना जगूच द्यावयाचे नाही त्यांना शिकवावयाचे कशाला, असा अधिकाऱ्यांचा हिशेब. पण बंदिवासातील शिक्षकांनी हा हिशेब मानला नाही. एक मुलगा दाराशी पहाऱ्याला बसे आणि आत वर्ग भरे. बुटांचा आवाज जवळ आला की पहारेकरी खूण करी; क्षणात वह्या अदृश्य होत आणि मुले गाणे म्हणू लागत.

पहिल्या खोलीचे गुरुजी होते व्हाल्टर आयसिंगर. वय तिशीच्या आतले, बांधा ठेंगणा; त्या बांध्यावरून मुलांनी त्यांना एक लाडके टोपणनावही ठेवले होते. वडीलधाऱ्यांची सोय इतरत्र असतानाही ते मुलांच्याच खोलीत राहत. रात्री दिवे मालवल्यावर ते मुलांना साहित्याच्या गोष्टी सांगत. रशियात पूर्वी अनाथ मुलांसाठी एक शाळा निघाली होती आणि तिला थोर कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांचे नाव दिले होते. त्या शाळेतील मुलांनी आपले एक स्वतंत्र ‘गणराज्य’ स्थापिले होते. आयसिंगर गुरुजींनी ही हकीकत सांगितली आणि पहिल्या खोलीतील मुलांनाही स्फुरण चढले. त्यांनी आपल्या चाळीस जणांच्या खोलीला ‘श्किद गणराज्य’ असे नाव दिले. त्यांचा ध्वज झाला, गीत झाले, निवडून दिलेला अध्यक्ष झाला. ज्यांना तटाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते, त्यांनी एका खोलीत आपले राज्य उभारले!

राज्य म्हटले की वर्तमानपत्र हवेच. १९४२ च्या डिसेंबरात ‘वेदेम’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. चेक भाषेत वेदेम म्हणजे ‘आम्ही पुढे नेतो’. तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत हस्तलिखित काढले असेल. लेख गोळा करावयाचे, सुंदर अक्षरात उतरवून घ्यावयाचे, चित्रे काढावयाची, मुखपृष्ठ सजवावयाचे, हा सारा खटाटोप तुम्हाला ठाऊक आहे. वेदेमचा खटाटोपही असाच होता. आरंभीचे सुमारे तीस अंक एका टंकलेखन यंत्रावर निघाले. पुढे त्याची शाईची फीत संपली आणि नवी मिळणे अशक्य होते. मुलांनी अंक बंद केला नाही. ती तो हाताने लिहू लागली. प्रत्येक अंकाची एकच प्रत निघे. शुक्रवारची संध्याकाळ झाली की सारी मुले मेजाभोवती व फळ्यांवर दाटीने बसत, आणि ज्याने जे लिहिले असेल ते तो उभा राहून वाची. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत. चाळीस श्रोते आणि एक प्रत. एवढ्या भांडवलावर हे साप्ताहिक जवळजवळ दोन वर्षे चालले आणि त्याची सुमारे ८०० पाने झाली.

या साप्ताहिकाचा संपादक पेत्र गिन्झ हा होता. त्याचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ रोजी प्राग येथे झाला. वडील ज्यू आणि आई ख्रिस्ती. अशा कुटुंबातील मुलांना चौदा वर्षे पुरी होताच पकडून नेत. त्याप्रमाणे १९४२ च्या ऑक्टोबरात पेत्र एकटाच तेरेझीनला आला. त्यापूर्वीच त्याने ज्यूल व्हेर्नच्या धर्तीवर कादंबऱ्या लिहिल्या होत्या. तो चित्रे काढी, नकाशे काढी, एस्परांतो भाषा जाणे. वेदेमसाठी त्याने ‘तेरेझीनमधील भटकंती’ अशी लेखमाला लिहिली. तो बेकरीत गेला, अग्निशामकांच्या ठाण्यात गेला, प्रेते जाळण्याच्या जागीही गेला. तेथील माणसांना प्रश्न विचारले आणि जे पाहिले ते शांतपणे, नेमकेपणाने लिहून काढले. लेख वेळेवर न देणारे लेखक त्याच्याही वाट्याला आले होतेच. घरून खाऊचे पुडके आले की त्यातील घास देऊन तो अशा आळशी लेखकांकडून मजकूर मिळवी. जेथे भाकरीचा तुकडा सोन्याच्या मोलाचा होता, तेथे तो मुलगा आपल्या तोंडचा घास देऊन कविता विकत घेत होता. साहित्यावर याहून मोठी श्रद्धा कोणती असू शकेल?

आणि कविता येत होत्या. त्या रडगाणी असतील अशी कोणाची समजूत होईल. पण वेदेमच्या पानांत विनोद आहे, वात्रटिका आहेत, खोलीतील भांडणांवर केलेली थट्टाही आहे. भुकेविषयी लिहिताना ही मुले हसू शकत. परंतु एखाद्या कवितेत अकस्मात आपले शहर डोळ्यांपुढे उभे राही. पेत्रने प्रागविषयी जी कविता लिहिली, तिच्यात त्या नगरीचे जुने दगडी सौंदर्य आहे आणि तिच्यापासून तुटलेल्या मनाची ओढ आहे. ज्या रस्त्यांवरून चालण्यास त्याला बंदी झाली होती, ते रस्ते त्याने शब्दांत जपून ठेवले. स्मरण हे दुबळ्यांचे साधन आहे असे आपण समजतो. पण ज्याचे सर्वस्व हिरावून घेतले आहे त्याच्यापाशी तेवढीच एक वस्तू अशी उरते, की जी झडती घेऊनही सापडत नाही.

वेदेमचा सर्वांत प्रतिभावान कवी हानुश हाखेनबुर्ग. त्याचा जन्म १९२९ चा. प्रागमध्ये तो अनाथ मुलांच्या वसतिगृहात वाढला आणि तेथून तेरेझीनला आणला गेला. त्याच्या एका कवितेत, थोड्या वर्षांपूर्वीचे आपले बालपण आणि आताची आपली अवस्था यांची तो तुलना करतो. आपण आता मूल उरलो नाही, कारण द्वेष काय असतो हे आपल्याला कळून चुकले आहे, अशी कबुली त्या कवितेत आहे. आणि तरीही ते हरवलेले बालपण पुन्हा कधी भेटेल काय, अशी पुसट आशाही आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने हे लिहावे, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. त्याची भूक आणि थंडी कोणालाही दिसली असती. आपल्या मनात द्वेष शिरत आहे, हे मात्र त्याचे त्यालाच दिसू शकत होते. ते त्याने पाहिले आणि लपविले नाही. ज्याला आपल्या मनातील अंधार ओळखता येतो, तो त्या अंधाराचा दास होत नाही. छळ करणाऱ्यांनी त्याचे सारे काही घेतले. स्वतःकडे अशा प्रामाणिक नजरेने पाहण्याची शक्ती त्यांना घेता आली नाही. १९४३ च्या डिसेंबरात हानुशला आउश्विट्झला नेले. १९४४ च्या जुलैमध्ये तेथे त्याचा अंत झाला.

कविता लिहिणारा हा काही एकच निवास नव्हता. वस्तीत इतरत्रही कोणी वहीत, कोणी रद्दी कागदाच्या तुकड्यावर लिहीत असे. पावेल फ्रीडमान हा २१ वर्षांचा तरुण १९४२ च्या एप्रिलअखेर तेथे आला आणि ४ जून रोजी त्याने ‘फुलपाखरू’ ही कविता लिहिली. पूर्वी कधी पाहिलेले एक पिवळे फुलपाखरू, एवढाच तिचा विषय. या लहानशा कवितेत तटाआडचे सारे जग सामावले आहे, आणि ते वर्णनाने नव्हे, अभावाने. काय दिसेनासे झाले हे सांगितले की कोठे येऊन पडलो हे निराळे सांगावे लागत नाही. १९४४ च्या सप्टेंबरात पावेललाही आउश्विट्झला नेण्यात आले. तो परतला नाही. त्याची कविता मात्र आज जगातील अनेक भाषांत वाचली जाते.

मुलांना चित्रकला शिकविणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या बाईंचेही येथे स्मरण केले पाहिजे. सामान नेण्यास अगदी थोडी परवानगी असताना त्यांनी आपल्याबरोबर चित्रकलेचे साहित्य आणले होते. जुनी पाकिटे, कचेरीतील वापरलेले कागद, जे मिळेल त्यावर त्या मुलांकडून चित्रे काढवीत. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव घालावे, असा त्यांचा आग्रह असे. जेथे आकड्यांनी हजेरी होत होती तेथे एक शिक्षिका मुलांना सांगत होती की, बाळांनो, नाव लिहा!

आता त्या वस्तीत घडलेल्या एका ढोंगाची गोष्ट ऐका. तेरेझीनची कुजबुज बाहेर पोहोचू लागली, तेव्हा रेडक्रॉस संस्थेच्या प्रतिनिधींना ती वस्ती दाखविण्याचे अधिकाऱ्यांनी ठरविले. लगेच घरांना रंग लागले, चौकात हिरवळ आणि गुलाब लावले गेले, मुलांसाठी खेळण्याची जागा सजली. गर्दी दिसू नये म्हणून १९४४ च्या मे महिन्यात सुमारे ७,५०० माणसांना आउश्विट्झला पाठविण्यात आले. २३ जून १९४४ रोजी पाहुणे आले. त्यांना ठरलेल्या रस्त्यांवरून हिंडविण्यात आले, ठरलेली दृश्ये दाखविण्यात आली, आणि त्या देखाव्याला भुलून ते परत गेले. मोठमोठ्या माणसांना जे सत्य दिसले नाही, ते त्याच वेळी एका जुन्या शाळेतील मुले दर आठवड्याला हाताने लिहून ठेवीत होती.

पाहुणे गेले आणि तीन महिन्यांनी गाड्या पुन्हा सुटू लागल्या. १९४४ च्या सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत, एका महिन्यात, १८,००० हून अधिक माणसे आउश्विट्झला नेली गेली. २८ सप्टेंबरच्या गाडीत पेत्र गिन्झ होता आणि त्याचे गुरुजी आयसिंगरही होते. पेत्रची धाकटी बहीण एव्हा त्या वर्षीच तेरेझीनला आली होती. तिने त्याला निरोप दिला. तो तिला पुन्हा दिसला नाही. मृत्यूसमयी पेत्र १६ वर्षांचा होता. आयसिंगर गुरुजीही युद्ध संपल्यावर परतले नाहीत. फ्रीडलबाईंना ऑक्टोबरात नेले. निघण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. श्किद गणराज्याची खोली रिकामी झाली. वेदेमचा अंक पुन्हा निघाला नाही.

मग ती ८०० पाने कोठे गेली? खोलीतील झ्देनेक टाउसिग हा एक मुलगा तेरेझीनमध्येच राहिला होता. त्याचे वडील तेथे लोहारकाम करीत. त्यांच्या लोहारशाळेत झ्देनेकने ती सारी पाने दडवून ठेवली. ती सापडती तर त्याच्या जिवावर बेतले असते, हे त्याला ठाऊक होते. १९४५ च्या मे महिन्यात रशियन सैन्याने तेरेझीन मुक्त केले, तेव्हा झ्देनेक ते बाड घेऊन प्रागला आला. फ्रीडलबाईंच्या दोन पेट्याही तेथे पोहोचल्या. मित्रांनी लिहिलेला शब्द आणि मित्रांनी काढलेली रेघ एवढीच त्या मुलांची मालमत्ता होती; ती सुखरूप आली, मालक आले नाहीत. पहिल्या खोलीत दोन वर्षांत राहून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी केवळ १५ जण वाचले.

या वाचलेल्या मुलांवर एक नवेच कर्तव्य येऊन पडले. वेदेममध्ये पुष्कळ जण टोपणनावाने लिहीत. कोणते टोपणनाव कोणाचे, कोणता विनोद कोणावर होता, हे सांगू शकणारी माणसे आता तीच काय ती उरली होती. त्यांनी स्मरणाच्या आधारे एकेका लेखाचा आणि कवितेचा कर्ता ओळखला. तत्कालीन राजवटीत हे लेखन छापणे अनेक वर्षे शक्य झाले नाही. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि अखेर १९९५ साली वेदेममधील निवडक साहित्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या लेखकांना फक्त चाळीस श्रोते मिळाले होते, त्यांना पन्नास वर्षांनी जगभरचे वाचक मिळाले. प्रागमधील एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर त्या देशातील सुमारे ८०,००० बळींची नावे आज रंगवलेली आहेत, आणि त्याच वास्तूत तेरेझीनच्या मुलांची चित्रे मांडलेली आहेत. आकड्याने केलेली ओळख तेथे नाही. सारी नावे आहेत.

पेत्रच्या बाबतीत एक विलक्षण योग पुढे घडून आला. त्याने तेरेझीनमध्ये एक चित्र काढले होते. चंद्रावरील डोंगरांतून आपली पृथ्वी कशी दिसेल, याचे ते कल्पनाचित्र. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवण्यापूर्वी पंचवीस वर्षे, ज्या मुलाला गावाचा तटही ओलांडता येत नव्हता, तो मनाने चंद्रावर जाऊन उभा राहिला होता. २००३ साली इस्राएलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन हे कोलंबिया यानातून अंतराळात गेले. त्यांची आई आउश्विट्झमधून वाचलेली. त्यांनी पेत्रच्या त्या चित्राची प्रत आपल्याबरोबर नेली. त्याच यानात, आपल्या देशात कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान भंगले आणि सातही अंतराळवीरांना मृत्यू आला. तो दिवस पेत्रच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनाचा होता. या दुर्घटनेच्या बातम्यांत पेत्रचे चित्र पाहून प्रागमधील एका गृहस्थांना आपल्या घरी पडून असलेल्या जुन्या वह्यांची आठवण झाली. त्या वह्या म्हणजे पेत्रची, तेरेझीनला जाण्यापूर्वीची, रोजनिशी होती. वाचलेल्या बहिणीने, एव्हाने, ती २००४ साली प्रसिद्ध केली.

या साऱ्या हकीकतीतून काय घ्यावयाचे? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी सुमारे साठ लक्ष ज्यूंची हत्या केली. साठ लक्ष हा आकडा आपण उच्चारतो, पण तो मनात मावत नाही. आणि आकडा मनात मावत नाही म्हणून त्याचे दुःखही नीट होत नाही. परंतु खाऊ देऊन कविता मिळविणारा पेत्र आपल्याला दिसतो. स्वतःच्या मनातील द्वेष ओळखणारा हानुश दिसतो. लोहारशाळेत कागद लपविणारा झ्देनेक दिसतो. त्यांच्या लेखणीने त्यांचे प्राण वाचविले नाहीत; कविता तटाचे दार उघडू शकत नाही की गाडी थांबवू शकत नाही. तिने एवढेच केले की, ज्यांना आकडे करून पुसून टाकावयाचे होते त्यांची नावे, त्यांची थट्टा, त्यांचे रुसवे आणि त्यांचे विचार यांसह ती माणसे आपल्यापर्यंत आणून पोहोचविली. जो डाव त्या छावण्यांच्या मुळाशी होता, तो एवढ्यापुरता तरी फसला.

तेरेझीनचे तट आजही उभे आहेत. आता तेथे स्मारक झाले आहे आणि दूरदूरची मुले ते पाहावयास येतात. कोणत्याही काळी, कोणत्याही देशात, एखाद्या समाजातील सर्व माणसांना एकाच नावाने हिणवले जाऊ लागले, एकेका माणसाचे निराळे नाव कोणी विचारीनासे झाले, म्हणजे या तटांची आठवण करावी. आणि आपल्या वर्गातील ज्या मुलाशी कोणी बोलत नसेल, त्याला प्रथम त्याचे नाव विचारावे.

स्वाध्याय

१. तेरेझीनचा किल्ला कोणी व कोणत्या हेतूने बांधला? पुढे त्याचा उपयोग कसा झाला?

२. ‘वेदेम’ हे साप्ताहिक कसे तयार होई व कसे वाचले जाई, याचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.

३. कारणे द्या : (अ) पहिल्या खोलीतील एक मुलगा दाराशी पहाऱ्याला बसे. (आ) वेदेमचे पुढचे अंक हाताने लिहावे लागले. (इ) वाचलेल्या मुलांवर एक नवे कर्तव्य येऊन पडले.

४. ‘तो मुलगा आपल्या तोंडचा घास देऊन कविता विकत घेत होता.’ या वाक्यातून पेत्रचा कोणता गुण दिसतो? तुमच्या शब्दांत सांगा.

५. नाव आणि आकडा यांतील फरक लेखकाने या पाठात कोठे कोठे दाखविला आहे, ते शोधून लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खटाटोप, स्फुरण चढणे, जिवावर बेतणे, चिकाटी.

७. उपक्रम : आपल्या वर्गाचे एक हस्तलिखित काढा. त्याची एकच प्रत तयार करा आणि ज्याने जे लिहिले असेल ते त्याने वर्गात उभे राहून वाचावे.